घरी बसलेल्या बायकांचं मत

माझे बाबा दारूच्या दुकानात मॅनेजर होते, हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा पूर्ण बोलले आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीत आमच्याकडच्या मंडळींनी 'मेहकरच्या शेठकडं कामाला आहेत' असं सांगून वेळ मारून नेली, आणि माझी मुलगी आजोबांबद्दल विचारते तेव्हा मीही 'दुकानात होते' एवढ्यावरच थांबते. खोटं त्यात काहीच नाही. सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं ते, आणि ती 'सरकारमान्य'ची पाटी बाबा दर दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसायचे. शेठ मेहकरला राहायचे, अधूनमधून जीपनं येऊन जायचे. बाकी उघडणं, बंद करणं, भांडणं सोडवणं, पडलेल्याला उचलून बाजूला बसवणं, सगळं बाबांच्या गळ्यात. त्यांनी स्वतः कधी थेंबाला तोंड लावलं नाही. गावात याचं भारी कौतुक होतं. एखाद्या पोराला दटावायचं असलं की लोक म्हणायचे, त्या मॅनेजरकडं पाह्य जरा, दारूत राहून कोरडा हाय.

आमचं गाव लहान, आठवडी बाजाराला बीबीला जाणारं. घर मातीचं, पुढं ओसरी, मागं न्हाणी आणि शेळीचा खुंटा. बाबा दुकानातून आले की आधी मागच्या दारानं न्हाणीत जायचे. त्यांचे दुकानाचे कपडे ओसरीतल्या वेगळ्या खुंटीवर, घरातले कपडे आतल्या खुंटीवर, आणि या दोन खुंट्यांची कधी अदलाबदल झाली नाही. माय ते कपडे वेगळे धुवायची, तरी त्यांना वास यायचाच. सकाळी तव्यावर भाकर टम्म फुगायची, पाट्यावर ठेचा रगडल्याचा आवाज यायचा, आणि त्याच सुमाराला दुकानापुढं टेम्पो उभा राहून बाटल्यांचे क्रेट उतरायला लागायचे. तो खळखळ आवाज आमच्या ओसरीपर्यंत यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांची सकाळ अशी बाटल्यांच्या आवाजानं होते. पुढं चिखलीला खोली करून राहिले तेव्हा पहिले काही दिवस काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आणि काय चुकतंय ते बरेच दिवस लक्षात आलं नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून सुमनकाकूचं घर. ती नात्यानं कोणी नव्हती, पण माझी माय आणि ती दोघी एकाच घरात नांदायला आल्यासारख्या राहायच्या. विरजण तिच्याकडचं, खलबत्ता आमचा, कपडे वाळत घालायची दोरी दोघींची मिळून एक. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवायला पहाटे दोघी उठायच्या, आणि मी आणि काकूची मंगल त्या गरम चिकाच्या वाट्या घेऊन, वर तेल-तिखट टाकून, ओसरीत बसायचो. मंगल माझ्याच वर्गातली. माझ्यापेक्षा तिचं गणित चांगलं होतं, हे आमचे गुरुजी मला मुद्दाम ऐकवायचे. दहावी झाली आणि तिची शाळा सुटली, कारण नामदेवकाका, तिचे वडील, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते आणि ट्रॅक्टरवरून उतरले की सरळ बाबांच्या दुकानात जायचे. शुद्धीवर असलेला तो माणूस इतका गोड होता की काय सांगू. आम्हा पोरींना शेतातून बोरं आणायचा, हरभऱ्याचे डहाळे आणायचा. प्यायलेला असला की भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचा आवाज यायचा, मग काकूचा, मग मंगलचा. माय कान देऊन ऐकायची, आणि आवाज फारच वाढला तर भिंतीवर मुठीनं धपधप करायची. बाबा पानावर बसलेले असले तर त्यांचा घास हातातच राहायचा. बोलणार तरी काय? बाटली आमच्याच हातून गेलेली असायची.

अशातच बायकांच्या मतदानाची गोष्ट निघाली. गावातल्या बायकांनी सह्या करून अर्ज द्यायचा, सरकार मत घेणार, आणि बायकांनी ठरवलं तर दुकान कायमचं बंद. फक्त बायकांचं मत. पुरुषांना त्या दिवशी शाळेच्या फाटकाच्या आत पाय टाकायची मनाई. आमच्या गावात सरपंचीणबाईसुद्धा नवऱ्याच्या मागं बसून सभा ऐकायच्या, तिथं ही गोष्ट आधी कोणाला खरी वाटेना. पण सुमनकाकू पेटली होती. अर्ज तिनंच फिरवला. मग तालुक्याहून एक साहेब आले, ग्रामसभा झाली आणि त्यांनी माईकवरून सांगितलं की कागदावर दोन चित्रं असतील, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान चालू हवं असेल तर उभीवर शिक्का, बंद हवं असेल तर आडवीवर. पुढं ते म्हणाले, 'एकूण नोंदणीकृत महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीस पसंती देणे आवश्यक राहील.' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सगळ्या गावानं ऐकलं. निम्म्याहून जास्त, म्हणजे उभीपेक्षा आडवीला जास्त, असा सरळ अर्थ सगळ्यांनी घेतला. इतकी वर्षं सरपंच, आमदार, खासदार निवडताना जे पाहिलं तेच डोक्यात होतं. 'एकूण नोंदणीकृत' हे शब्द सरकारी भाषणात येतातच, त्यांच्याकडं कोण लक्ष देतो?

त्यानंतर गावाला एक खेळच सापडला. बायका रस्त्यात, ओट्यावर, विहिरीजवळ रिकामी बाटली दिसली की ती आडवी करून ठेवायच्या. पिणारे पुरुष येता-जाता ती पायानं उभी करायचे. शाळेत जाणारी पोरं दोन्हीकडून मजा घ्यायची. संध्याकाळी बायकांची फेरी निघायची, पुढं सुमनकाकू, तिच्या हातात रिकामी बाटली आडवी धरलेली. फेरी आमच्या घरापुढून जाताना घोषणा एकदम हळू व्हायच्या. आमच्या घराचा मान राखायला त्या आवाज खाली घ्यायच्या, आणि कोपरा वळला की परत मोठ्यानं. मला त्या हळू आवाजाचीच जास्त लाज वाटायची. मोठ्यानं ओरडल्या असत्या तर मलाही रागवता आलं असतं.

माझी गत काय सांगू! मी बारावीची परीक्षा दिली होती आणि चिखलीला कॉलेजात जायचं ठरलं होतं. फी, खोली, खानावळ, सगळं बाबांच्या पगारावर. जमीन होती ती खाण्यापुरती ज्वारी आणि तूर देणारी. दुकान बंद झालं की माझं चिखली बंद, हे मला न सांगता कळत होतं. आणि भिंतीपलीकडून मंगलचा आवाज आला की वाटायचं, पेटवून द्यावं ते दुकान. एकाच संध्याकाळी मी दोन्ही गोष्टी मनापासून मागत असे. माझं वय मतदानाचं नव्हतं म्हणून सुटले, असं तेव्हा वाटलं. मायची सुटका नव्हती.

एका दुपारी दोघी तूर पाखडत ओसरीत बसल्या होत्या. काकूनं सूप खाली ठेवलं आणि सरळ विचारलं.

"रेखाची माय, तू येशीन ना?"

"पाहू," माय म्हणाली.

"पाहू काय? तुले नाही मालूम का माह्या घरात काय चालते ते?"

"मले सगळं मालूम हाय, सुमन. पन रेखाच्या बाबाचं कसं होईन?"

"त्याइले दुसरं काम भेटन. मले दुसरा नवरा नाही भेटनार."

दोघीही हसल्या. मीही हसले. पण त्या दुपारी तूर नेहमीपेक्षा लवकर पाखडून झाली आणि काकू चहाला थांबली नाही.

बाबांनी या सगळ्यात एक शब्द काढला नाही. शेठ जीपनं येऊन गेले, त्यांना समजावून गेले की घरच्या बायांना सांगा, ओळखीतल्या बायांना सांगा. बाबा हो हो म्हणाले आणि घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. जेवताना माय त्यांच्या तोंडाकडं बघायची. ते आंबाडीच्या भाजीत भाकर कुस्करत राहायचे. मला वाटतं, मायला हवं होतं की त्यांनी एकदा तरी म्हणावं, जा किंवा जाऊ नको.

मतदानाच्या दिवशी सकाळी उठून पाहते तर माय ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसलेली. शेजारी वेगळा तांब्या, वेगळी ताटली. आमच्याकडं बायका महिन्यातले ते दिवस 'बाहेर' बसायच्या. चूल, पाणी, देव कशाला हात लावायचा नाही, कुठं जायचं नाही, आणि त्या दिवसांत त्यांना कोणी कशाचं बोलवणंही करत नसे. माय मला म्हणाली, "भाकरी तू टाक आज. मी बाहेर बसली." मी पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता माझा हात थांबला. गेल्याच आठवड्यात तिचे ते दिवस होऊन गेले होते, तिनं न्हाऊन घर सारवून घेतलं होतं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि शेळीकडं बघायला लागली. तेव्हा मला तिचा डाव कळला आणि खरं सांगते, मला तिचं कौतुकच वाटलं. उभीही नाही, आडवीही नाही. नवऱ्याच्या विरोधात नाही आणि मैत्रिणीच्या विरोधातही नाही. दोघांच्या मधून निघून जायला तिला हीच एक वाट सापडली होती, आणि ही वाट अडवायची आमच्या गावात कोणाची हिंमत नव्हती.

थोड्या वेळानं बायका आल्या. नवी लुगडी, केसांत फुलं, एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या. काकू पुढं होती.

"चाल वं, रेखाची माय."

"मी बाहेर बसली, सुमन."

"शाळेत जायचं हाय, देवळात नाही."

"शाळेत सरस्वतीचा फोटो हाय."

मागच्या बायका 'राहू द्या, राहू द्या' म्हणायला लागल्या. काकूनं मायच्या तांब्याकडं पाहिलं, ताटलीकडं पाहिलं, मग अंगणातल्या दोरीकडं पाहिलं. ती दोरी दोघींची होती. कोणाचे कपडे केव्हा वाळतात, हे त्या दोघींना एकमेकींचं पाठ होतं. मला वाटलं, आता ती सगळ्यांसमोर बोलते. ती बोलली नाही. "बरं," म्हणाली, "ऊन लागन तुले तिथं, आत सरकून बस." आणि बायकांना घेऊन निघून गेली.

दिवसभर माय त्या पोत्यावर बसून राहिली. मी तिला वरून ताटलीत भाकर वाढली, बेसन वाढलं. तिनं खाल्लं नाही. शाळेकडून माणसांचा गलका ऐकू येत होता.

संध्याकाळी मतमोजणी शाळेच्या पटांगणात झाली, आणि तोवर पुरुषांनाही आत सोडलं होतं. मी मंगलच्या शेजारी उभी होते. आडवीच्या गठ्ठ्यापुढं उभीचा गठ्ठा इतका लहान होता की मोजायच्या आधीच बायका ओरडायला लागल्या. कोणीतरी डफडं आणलं. गुलाल कुठून आला कोण जाणे. मंगलनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. मी पण ओरडत होते. माझं चिखली गेलं होतं आणि मी गुलालात नाचत होते, यापेक्षा वेगळं मला माझ्याबद्दल सांगता येत नाही. काकू नाचली नाही. ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

मग साहेब टेबलामागं उभे राहिले. त्यांनी डफडं थांबवायला लावलं आणि माईकवरून सांगितलं की आडव्या बाटलीला पडलेली मतं गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून थोडी कमी आहेत, त्यामुळं दुकान चालू राहील. आधी कोणाला कळलंच नाही. डफडंवाल्यानं परत एक थाप मारली. काकू उठून टेबलाजवळ गेली. गुलालानं तिचं तोंड लाल झालेलं.

"साहेब, आडवीले जास्त पडले ना?"

"हो बाई, पुष्कळ जास्त."

"मंग आम्ही जितलो ना?"

"नाही. ज्या आल्या नाहीत त्यांनाही धरायचं असतं. सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त पाहिजे."

"ज्या आल्याच नाही, त्या उभीवाल्या कशा झाल्या? त्याइनं तं शिक्काच नाही मारला."

"त्या उभीच्या नाहीत, बाई. पण आडवीच्याही नाहीत ना. नियम तसा आहे. मी सभेत सांगितलं होतं."

आणि खरंच, त्यांनी सांगितलं होतं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं काकूसाठी पाणी मागवलं. तिनं प्यायलं नाही. मग यादीवरून कुजबुज सुरू झाली की अमकीचं लग्न होऊन ती जालन्याला गेली, तिचं नाव आहे. तमकी वारली, तिचंही आहे. माझी आजी, जिला जाऊन बराच काळ लोटला होता, जी बाबांच्या कपड्यांच्या वासानं नाकाला पदर लावायची, तीसुद्धा त्या संध्याकाळी दुकान चालू ठेवणाऱ्यांत मोजली गेली.

मी घरी पोचले तेव्हा आमच्या गल्लीतल्या तीन-चार बायका ओसरीपुढं उभ्या होत्या. मायशी त्या काहीतरी देणं द्यायला आल्यासारख्या हळू आवाजात बोलत होत्या. "आमी नाही गेलो हो," त्यातली एक म्हणाली, "तुमच्या पोटावर पाय कसा द्यावा? उभीवर शिक्का मारनं काही मनाले पटे ना, आडवीवर मारावं तं तुमचं तोंड डोयापुढं ये. म्हनून घरीच बसलो." त्यांना वाटत होतं, आपण कोणाचंच वाईट केलं नाही. अशा किती जणी असतील, कोणाकोणाच्या भिडेनं बसलेल्या, कोण जाणे. तोपर्यंत मायला निकालाचा नियम कळलेलाच नव्हता; मीच तिला समजावून सांगितला, तसा तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. "म्हंजे मी बसली ते उभीवर गेलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तसं नाही, आणि तसंच आहे. ती पोत्यावरून उठली, तांब्या घेऊन न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन सरळ चुलीपुढं येऊन बसली. चार दिवस पूर्ण करायचं सोंगही तिनं केलं नाही.

बाबा आले, नेहमीप्रमाणं मागच्या दारानं. न्हाऊन पानावर बसले. शेठनी निरोप पाठवला होता, खूश होते, पगार वाढवतो म्हणाले. हे सांगून बाबांनी ताट पुढं ओढलं. मग भाकरीकडं बघत म्हणाले, "मले वाटलं होतं, तुम्ही बाया बंद करसान."

मायनं चिमटा खाली ठेवला. "तुमाले बंद पाह्यजे होतं का?"

"मले काय पाह्यजे, ते कोनी इचारलं?"

"मी रोज तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती."

"मी पन," बाबा म्हणाले.

मला त्या दोघांचाही संताप आला, आणि दोघांचीही इतकी कीव आली की मी उठून शेळीपाशी जाऊन बसले. भिंतीपलीकडं त्या संध्याकाळी काहीच आवाज नव्हता.

मी आता चिखलीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. बहुमताचा धडा दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी त्या ठिकाणी जरा अडखळते. पोरं विचारतात, मॅडम, मत नाही दिलं तर चालतं का? मी पुस्तकातलं उत्तर देते, मत देणं हे कर्तव्य आहे वगैरे. पण मनात म्हणते, बाळांनो, माझी माय त्या दिवशी खोटं बोलून घरी बसली, तिला कोणाचं मन दुखवायचं नव्हतं, आणि सरकारनं तिचं ते बसणंही मोजलं. नियम चुकीचा होता असं मला ठामपणे म्हणता येत नाही. दुकान कायमचं बंद करायचं तर गावाची पक्की इच्छा हवी, हे मलाही पटतं. आणि गावाची इच्छा काय होती, हे त्या पटांगणात गुलाल उडताना मी पाहिलं होतं, तेही खरं आहे. इतकी वर्षं झाली, हे दोन्ही मला एका जागी बसवता आलेलं नाही.

काकू आणि माय बोलायच्या थांबल्या नाहीत. विरजण येत राहिलं, खलबत्ता जात राहिला. फक्त काकूनं स्वतःच्या अंगणात स्वतःची वेगळी दोरी बांधली. माय ती दोरी बघून घरात आली आणि रडली. मायला रडताना मी प्रथमच पाहत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर मी निघाले. आमच्या फाट्यावर एसटी थांबायची, मेहकरला उतरून पुढं चिखलीची गाडी. बाबा मला पोचवायला येणार होते. त्यासाठी त्यांनी दुकान एक दिवस दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. माझी पेटी मंगलनं डोक्यावर घेतली. मी नको नको म्हणत होते, ती ऐकेना. मायनं मला कुरवाळलं, पुन्हापुन्हा तेच सांगत राहिली, वेळेवर जेवजो, कोनाच्या अंगावर जाऊ नको. काकू जरा लांब उभी होती. गाडी आली, बाबा आणि मी चढलो, मंगलनं पेटी आत सरकवली आणि खाली उतरली. मला खिडकी मिळाली, बाबा शेजारी बसले.

तेव्हा काकू पुढं आली. खिडकीचा गज धरला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याकडं बघत होती, पण बाबांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

"रेखा, माह्या घरातून गेलेल्या पैशावर तू शिकाले जाऊन राह्यली. माह्या मंगलचं शिक्शन हाय ते. नीट शिकजो, माय. नापास नको होऊ."

बाबा समोरच्या सीटकडं बघत राहिले. कंडक्टरनं घंटी दिली. काकूनं गज सोडला नाही, ती उत्तराची वाट बघत गाडीबरोबर दोन पावलं चालली.

"हो काकू," मी म्हटलं.